दोनदा मारलेली हाक

दारावरून कुणी हाक मारली आणि आतून उत्तर यायला जरा उशीर झाला, की मला ती घटना अजून आठवते. पोलीस खात्यात माझी सगळी नोकरी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत गेली. लोक भेटले की दरोड्यांचे, टोळ्यांचे किस्से विचारतात. ते सांगायला सोपे असतात, कारण त्यांत आपण शूर दिसतो. या प्रकरणात शूर कोणी असेल तर ती एक विधवा बाई होती, आणि थोडेफार एक वकील. मी फक्त लिहून घेणारा. कोणाचंच नाव सांगणार नाही, कारण ती दोन्ही घरं आजही एकाच गल्लीत, एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत.

मी धुळ्याकडचा, घरात अहिराणी बोलणारा. तापी ओलांडून केळीच्या पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यात बदली झाली तेव्हा तिथली बोली कानात बसायला मला काही महिने लागले. ठाणं तसं शांत होतं. सकाळी हजेरी, मग रात्रीच्या गस्तीचा अहवाल, ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे कोणाची विहिरीवरची मोटार चोरीला गेलेली, कोणाच्या केळीच्या घडांना वैऱ्याचा विळा लागलेला. त्या हिवाळ्यात मात्र रोज एकच विषय असे: बिबट्या. सातपुड्यातून उतरून तो केळीत राहायला आला होता. वासरं, कुत्री नेत होता. आता बिबट्या आहे म्हटल्यावर जे जे हरवेल ते त्याच्याच नावावर. एका गावात बोकड गेला, पंचक्रोशीत बोंब झाली, आणि दोन दिवसांनी त्या बोकडाचं कातडं हौशी मंडळींच्या पार्टीच्या जागी सापडलं. हसून सोडून दिलं, पण भीती खोटी नव्हती. पहाटे शेतात जाणारा प्रत्येक माणूस हातात काही ना काही घेऊनच निघायचा. घराघरांतले माळ्यावर पडलेले जुने भाले खाली आले होते.

अशाच एका सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. बिबट्याने माणूस मारला.

आम्ही पोहोचलो तेव्हा धुकं नुकतं वर सरत होतं. केळीच्या दोन ओळींमध्ये पंचेचाळिशीचा एक शेतकरी पडला होता. अंगावर गोणपाटाची खोळ. केळीत दव टपटपतं आणि चिकाचे डाग कपड्यांवरून जन्मात जात नाहीत, म्हणून तिकडे पहाटे कामाला जाणारे गोणीचं एक टोक दुसऱ्यात खुपसून ती डोक्यावरून घेतात. डोक्याखाली कोणीतरी पंच्याची घडी करून ठेवली होती. ते पाहून मला पहिल्यांदा खटकलं. बिबट्या उशी देत नाही.

वनरक्षक आला. उकिडवा बसला, मृताच्या मानेकडे पाहिलं, भोवतालची ओली माती पाहिली, आणि गुडघे झाडत उठला.

"साहेब, हे आमचं काम नाही. तुमचं आहे."

जखम एकच होती, गळ्याच्या हाडाखाली, सरळ आत गेलेली. इन्क्वेस्ट पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवलं, आणि दुपारपर्यंत आकस्मिक मृत्यूची नोंद खुनाच्या गुन्ह्यात बदलली.

संशयित शोधावा लागला नाही. प्रेत ज्या केळीत होतं ती केळी नानांची. नाना म्हणजे मयताचे थोरले चुलतभाऊ, साठीला टेकलेले, बुटके आणि कमी बोलणारे गृहस्थ. दोघांचे मळे एकाच बांधाला लागून. बांधाचा दावा दिवाणी कोर्टात कित्येक वर्षं पडून होता. पण दावा ही किरकोळ गोष्ट. खरी गोष्ट होती अबोला.

वाद पेटला तेव्हा दोघांनी मारुतीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली होती की याच्याशी जन्मात बोलणार नाही. आणि ती शपथ दोन्ही घरांनी अगदी निष्ठेने पाळली. बायकांनी पाळली, पोरांनी पाळली. एकाच्या घरचं लग्न दुसऱ्याने भिंतीपलीकडून वाजंत्री ऐकून ओळखायचं. एखाद्याची म्हैस दावं तोडून निघालीच, तर दुसरा अंगणात उभा राहून वाऱ्याला सांगायचा, "कोनाची तरी म्हैस सुटली बरं!" वाऱ्याशी बोलायला शपथेची आडकाठी नव्हती. गावाला याचं नवल वाटत नव्हतं. मला वाटलं, पण बदलीवर आलेल्या माणसाने नवल वाटून घ्यायचं नसतं.

नाना संध्याकाळी घरीच सापडले. म्हणाले, मी कालपासून असोद्याला होतो, लेकीच्या सासरी, भरताला.

वांग्यांच्या दिवसांत ही सबब आमच्याकडे अगदी सोयीची. शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची. गावंच्या गावं अशा पंगतींना जातात. मी असोद्याला जाऊन व्याह्यांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं की नाना आदल्या सांजेला आले, भरीत खाल्लं, मुक्काम केला, उन्हं वर आल्यावर गेले. शब्दाला शब्द सारखा.

इथे माझा एक अनुभव सांगतो. खरी गोष्ट दहाजणांनी सांगितली तर दहा तऱ्हांची निघते. एक म्हणेल तिखट फार होतं, दुसरा म्हणेल वांगी कच्ची राहिली. खोटी गोष्ट मात्र एका साच्यातून काढल्यासारखी येते. मी त्यांना वेगवेगळं बसवलं आणि एकच विचारलं, भरीत ठेचलं कोणी? पुरुष मंडळींतल्या प्रत्येकाने छाती पुढे काढून सांगितलं, "मीच." खानदेशात भरताचं श्रेय कोणी दुसऱ्याला देत नाही हे मला ठाऊक होतं, त्यामुळे हसू आलं, पण हाती काही लागलं नाही.

हाती लागलं ते एका खबरीने. आमचा एक माणूस गावातल्या दूध डेअरीपाशी उठबस करायचा. त्याने कळवलं, "साहेब, नाना असोद्याले गेलेच नही. त्या दिशी सकाळी डेअरीवर दूध घालाले आल्ते. अर्धं दूध खाली सांडलं, तरी त्यायले समजलं नही." डेअरीवाल्याने आढेवेढे घेतले, पण शेवटी तेच सांगितलं. नानांना अटक केली.

अटक करताना मी त्यांना कारण सांगितलं, वकील बोलावता येईल हे सांगितलं, गप्प राहण्याचा हक्क आहे हेही सांगितलं. पुष्कळांना वाटतं की हे सगळं आरोपीला पळवाट काढून देण्यासाठी आहे. खात्यात नवा असताना मलाही तसंच वाटे. नाना ऐकून घेऊन म्हणाले, "मी असोद्याले व्हतो." पोलीस कोठडीतही तेवढंच. जेवायला दिलं तर भाकरीकडे बघत बसायचे.

त्यांच्या मुलीने वकील दिला. जळगावातल्या कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, मारवाडी जैन घराण्यातला. वडिलांची इच्छा की गादीवर बसावं, आणि हा जाऊन बसला फौजदारी कोर्टात. वय झालेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. नियमाप्रमाणे तो नानांशी बोलत असताना मी दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर उभा होतो. मला एवढंच दिसलं की वकीलसाहेब काहीतरी हळू बोलले, आणि नाना गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागले.

थोड्या वेळाने वकीलसाहेब माझ्या टेबलापाशी आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "साहेब, भरीत संपलं. आता माझा अशील खरं सांगणार आहे."

मी म्हणालो, "पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला."

"पुरावा म्हणून नाही. तुम्ही तपास योग्य दिशेने करावा म्हणून." मग ते खाली बसले आणि अशी गोष्ट बोलले की मी पुढे नव्या फौजदारांना ती कायम सांगत आलो. "आरोपीपुढे दोन दारं असतात. एका दारावर लिहिलेलं असतं, मी तिथे नव्हतोच. दुसऱ्यावर लिहिलेलं असतं, मी तिथे होतो, माझ्याच हातून झालं, पण गुन्हा नाही, आणि का नाही ते ऐका. दोन्ही दारं कायद्यानेच ठेवली आहेत. पण एका वेळी एकातूनच जाता येतं. माझ्या अशिलाच्या भाऊबंदांनी प्रेमापोटी त्याला चुकीच्या दारात ढकललं."

नानांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी व्यापाऱ्याची माणसं घड कापायला येणार होती, म्हणून ते पहाटेच मळ्यात गेले. धुकं दाट. खोपटाशी बांधलेलं वासरू अचानक दाव्याला हिसके द्यायला लागलं. केळीत सुकी पानं वाजली. पाहतात तर जमिनीलगत काहीतरी तपकिरी, दबा धरलेलं.

"मी वरडलो साहेब. कोन हाये रे तिथी? जबाब नही. पुन्हा वरडलो, बोल, नही तं भाला मारतो. तरी जबाब नही. मानूस असता तं बोलला नसता का? आनि मंग ते वाकलेलंच माह्या अंगावर पयत आलं."

"मग?"

"मंग मारला. गोनी बाजूले केली तं आपला धाकटा. मी त्याले हाक मारली. लहानपनी मारायचो तशी. इतक्या वर्सांत पयलं बोलनं ते झालं साहेब. त्यानं ऐकलं का नही, मले मालूम नही."

पंचा त्यांचाच होता. पुढे काय करावं ते सुचेना, म्हणून म्हातारा रोजच्यासारखं दूध काढून डेअरीवर गेला. भाऊबंदांना कळलं तेव्हा त्यांनी आधी बिबट्या उभा केला, आणि तो टिकेना तेव्हा असोद्याचं भरीत. विहिरीत टाकलेला भाला नानांनी पंचांसमक्ष काढून दिला.

आता प्रश्न होता खऱ्याखोट्याचा. मयताचा धाकटा भाऊ ठाण्यात येऊन म्हणाला, "बिबट्या बरा सापडला नानाले! ज्याच्याशी दावा, नेमका तोच बिबट्या दिसला?" त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येईना. माणूस मारून बिबट्यावर ढकलायला तो हिवाळा फार सोयीचा होता. सरकारी वकील तर म्हणाले, "बिबट्या समजून मारला म्हणतो? अहो, बिबट्या मारणंही गुन्हाच आहे!" तेही खरं. पण स्वतःचा जीव वाचवताना मारला तर तो गुन्हा होत नाही, हेही त्याच वन्यजीव कायद्यात लिहिलेलं आहे.

तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. आता नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, गाभा तोच राहिला. वस्तुस्थितीबाबत चूक झाली आणि ती सद्भावनेने झाली, तर माणूस गुन्हेगार ठरत नाही. फक्त कायद्यातली सद्भावना म्हणजे मनाचा चांगुलपणा नव्हे. योग्य ती काळजी घेतली होती का, सावधपणे वागला होता का, हे तिथे पाहतात. म्हणजे सगळं प्रकरण येऊन अडकलं एका ठिकाणी: नानांनी भाला उचलण्याआधी खरंच हाक मारली होती का? मारली असेल तर तो निर्दोष. नसेल तर जन्मठेप. आणि ती हाक ऐकणारा एकच माणूस होता, जो आता बोलू शकत नव्हता.

दोंडाईच्याचे एक हवालदार माझ्या हाताखाली होते. शेतकऱ्याचेच पोर, पान खाणारे आणि मोजकं बोलणारे. घटनास्थळी मी पुन्हा गेलो तेव्हा ते बांधापलीकडे, मयताच्या केळीत फिरत होते. त्यांनी मला बोलावलं.

"साहेब, यासनी बोर तं कोरडी शे. बठ्ठं गाव सांगस. मंग त्या दिन हाई वावर वल्लं कसं काय व्हतं?"

त्या सकाळी बांधालगतच्या ओळी ओल्या होत्या, हे मलाही आठवलं. मयताची बोअर महिन्यापूर्वीच आटली होती. घड भरायला आलेले, आणि अशा वेळी पाणी तुटलं तर वर्षाची केळी हातची जाते. शेतीची वीज त्या आठवड्यात पहाटे येत होती. नानांच्या पाइपाला बांधापाशी एक नवं तोंड पाडलेलं सापडलं, वर चिखल थापलेला. मयत वीज आली की नानांच्या पाण्याचा कॉक आपल्याकडे फिरवत होता, आणि नाना यायच्या आत बंद करत होता. म्हणूनच तो वाकून होता, आणि म्हणूनच बोलला नाही. चोराच्या मनात चांदणं असतं तसं त्याचं झालं असणार.

हवालदारांनी आणखी एक दाखवलं. पाइप जोडायला दोन माणसं लागतात. एक कॉकपाशी, एक पाइपाच्या तोंडाशी.

दुसरं माणूस कोण असेल हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा नियम आहे. मी महिला शिपायाला बरोबर घेऊन मयताच्या घरी गेलो. गाव त्यांना अक्का म्हणायचं. भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर कपाळावर. पहिल्या जबाबात त्यांनी, मी घरीच होते, असं सांगितलं होतं. आताही तेच सांगितलं. दीर दारात उभा होता.

मी जास्त ताणलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा विचारू नये. उठता उठता एवढंच म्हणालो, "अक्का, नाना म्हणतात त्यांनी दोनदा हाक मारली. ऐकलेलं कोणी नाही. त्यामुळे त्यांचं कोणी खरं धरणार नाही."

पदर सावरणारा त्यांचा हात मध्येच थांबला.

त्यानंतर काही दिवसांनी, बाजाराचा दिवस होता, ठाण्यात ही गर्दी, आणि अक्का एकट्याच एसटीने आल्या. ठाणे अंमलदाराने पाणी दिलं, महिला शिपाई शेजारी बसली. अक्कांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच विचारलं, "साहेब, ती हाक कोनी ऐकली असं निंघालं, तं काय व्हईल?"

मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. म्हणालो, "नाना सुटू शकतील. पण ऐकणाऱ्याला सांगावं लागेल की आपण तिथे काय करत होतो. तुमच्या मालकांचं नाव पाणीचोरीत येईल. दीर तुमच्याशी संबंध ठेवणार नाहीत. आणि भर कोर्टात विचारतील, तुम्ही का बोलला नाहीत."

"आनि नही सांगितलं तं?"

"तर तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. नाना जन्मठेपेला जातील."

बाहेर कोणाची तरी केळीची ट्रॅक्टर-ट्रॉली अडकली होती, तिचा हॉर्न वाजत होता. अक्का तो थांबेपर्यंत थांबल्या.

"मंग लिव्हा," त्या म्हणाल्या.

मी लिहून घेतलं, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्यांचा जबाब नोंदवून घेतला, म्हणजे त्यावर दबावाचा आरोप यायला नको. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, "आरोपीचा बचाव तुम्हीच तयार करून देताय का?" मी म्हणालो, "सर, बचाव त्याचा वकील करेल. माझं काम काय घडलं ते शोधायचं, ते कोणाच्या बाजूचं निघेल ते निघो." जरा उर्मट बोललो असेन. पण अक्कांचं नाव दोषारोपपत्रात सरकार पक्षाची साक्षीदार म्हणून गेलं. ज्या साक्षीदाराने आरोपी सुटण्याची शक्यता, तीच सरकारची साक्षीदार. असं मी त्याआधी केलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी निम्मं गाव सत्र न्यायालयाच्या आवारात होतं. अक्का साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. खाली, आरोपीच्या जागी नाना. जेठासमोर जन्मात तोंड न उघडलेली ती बाई. तिकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला जेठ म्हणतात, आणि अबोला नसता तरी ती त्यांच्याशी थेट बोलली नसती. आता त्यांच्या देखत बोलायचं होतं.

सरकारी वकिलांनी रीतसर सगळं विचारलं. अक्कांनी सांगितलं की पाण्यावाचून घड वाळत होते. नवरा-बायको दोघं पहाटे नानांच्या केळीत शिरायचे. त्या दिवशी नाना लवकर आले. वासरू बुजलं. दोघं पानांआड बसले.

"हाक ऐकू आली?"

"आली. दोनदा. कोन हाये रे म्हने, बोल, नही तं भाला मारतो."

"मग तुमच्या मिस्टरांनी उत्तर का दिलं नाही?"

"त्यायनं माह्या तोंडावर हात ठेवला. मले खाली दाबलं, आनि सोता वाकून पयाले. बांधाकडची वाट नानाच्याच आंगावरून जाते. मी सापडू नये म्हनून ते पयाले, साहेब."

सरकारी वकिलांनी फाइल खाली ठेवली. आवाज थोडा करडा झाला. "आणि तुम्ही? हात निघाल्यावर तुम्ही का ओरडला नाहीत? एक शब्द बोलला असता तर तुमचा नवरा आज जिवंत असता."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. हा प्रश्न येणार हे मीच अक्कांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी मला मान वर करवेना.

अक्का म्हणाल्या, "त्यायच्याशी बोलनं बंद व्हतं ना, साहेब. इतक्या वर्सांची सवय. मरन समोर उभं राह्यलं, तरी तोंड उघडलं नही."

दीर उठून बाहेर गेला.

उलटतपासाला वकीलसाहेब उठले. मला वाटलं आता हे तासभर बोलतील, कारण बचावाला इतका चांगला साक्षीदार आयुष्यात एकदा मिळतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "अक्का, हाक मारणाऱ्या माणसाच्या आवाजात राग होता का?"

"नही. भेव व्हतं. माह्यापेक्षा जास्त."

"मला आणखी काही विचारायचं नाही," म्हणून ते बसले. बाईला एका शब्दानेही जास्त उभं ठेवलं नाही. फौजदारी वकिलांविषयी माझं मत पूर्वी काय होतं ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून ते बदललं.

न्यायाधीशांनी निकालात तीन गोष्टी मानल्या. आरोपीने भाला उचलण्याआधी दोनदा विचारलं. त्या हिवाळ्यात त्या धुक्यात गोणी पांघरलेला, वाकून अंगावर येणारा माणूस जनावर वाटणं वाजवी होतं. आणि आपला जीव धोक्यात आहे असं त्याला खरोखर वाटलं. नाना निर्दोष सुटले. खोट्या असोद्याबद्दल न्यायाधीशांनी भाऊबंदांना दोन कडक वाक्यं सुनावली. प्रेमाने सांगितलेलं खोटं खऱ्या बचावाचा गळा कसा घोटतं, असा त्याचा अर्थ होता.

सुटल्यावर नाना आवारातल्या कडुनिंबाखाली उभे होते. अक्का तिथूनच जाणार होत्या, एसटीचा रस्ता तोच. नानांनी टोपी काढून हातात धरली आणि रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहिले. अक्का पदर ओढून पुढे गेल्या. त्या दिवशी ते बोलले नाहीत.

पुष्कळदा लोक मला विचारतात, आरोपीला इतके बचाव कशाला? चूक झाली म्हणा, स्वसंरक्षण म्हणा, वेड म्हणा, अपघात म्हणा, कायदा ऐकून घेतो. मी म्हणतो, ऐकून घेतो म्हणूनच तो कायदा आहे. आम्ही पोलीस अर्धी गोष्ट गोळा करतो, कोणी मारलं, कशाने मारलं. उरलेली अर्धी आरोपीच्या बाजूला पडलेली असते, आणि ती उचलून आणायला कधी कधी त्याचा वैरीच यावा लागतो. माझ्या नोकरीत मी हत्यारबंद माणसांशी झुंजणारे सहकारी पाहिले, त्यांचा मला अभिमान आहे. पण आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव, आपलं घर आणि आपला स्वतःचा दोष एकाच पिंजऱ्यात उभं राहून उघड्यावर मांडणारी, तीही ज्याच्या हातून कुंकू पुसलं त्याच्यासाठी, अशी दुसरी व्यक्ती मला भेटली नाही. मी त्या बाईला मनातून सलाम केला, आणि आजही करतो.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी त्या भागात जाणं झालं. सकाळी फिरत फिरत नानांच्या मळ्याकडे गेलो. थंडीचेच दिवस होते, धुकं तसंच. नाना थकले होते, पण ओळखलं. हाताला धरून बांधापाशी घेऊन गेले. बांधावरून एक चांगला जाडजूड पाइप पलीकडे गेला होता. चिखल थापलेला नव्हता, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा. दिवाणी दावा दोन्ही घरांनी मिळून काढून घेतला होता.

पलीकडच्या केळीत काहीतरी हललं. नाना थांबले. मीही थांबलो.

"कोन हाये?" नानांनी हाक मारली.

क्षणाचाही वेळ न जाता पलीकडून अक्कांचा आवाज आला.

"मी हाये, नाना. सोडा पानी."

नानांनी वाकून कॉक फिरवला.